उभ्या ट्रकची खरी किंमत किती?

गेल्या वर्षी धान निसवायच्या दिवसांत एका रविवारी सकाळी आमचा भाचा अचानक घरी येऊन उभा राहिला. चहा होईपर्यंतही त्याला धीर नव्हता. मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामाजी, हे पाहा. चारशे सात हाये. साकोली रोडवर बंद राईस मिलमंदी उभी हाये. मालक एक लाख चाळीस म्हनते. घेऊन टाकू का?"

फोटो पाहिला. टाटा ४०७, सहा चाकी, केबिनचा रंग उडालेला, समोरच्या काचेला आडवी भेग, चाकांभोवती गुडघाभर गवत. तीन पावसाळे ती गाडी हललेली नव्हती. पण भाच्याच्या डोळ्यांना त्यात गवत दिसत नव्हते. त्याला त्यात स्वतःचे नाव लिहिलेली गाडी दिसत होती. अकरा वर्षे तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, महिना चौदा हजारांवर. अकरा वर्षे दुसऱ्याचे स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाला आपल्या मालकीची गाडी हवीशी वाटली तर त्यात त्याचे काय चुकले?

पैशाचा हिशेबही तो करूनच आला होता. आमची थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, हिने तीस वर्षे बिड्या वळल्या. त्या कामाचा प्रॉव्हिडंट फंड मिळाला तो नव्वद हजार पोस्टात ठेवलेला होता. आणि सूनबाईंच्या बचत गटातून पन्नास हजार कर्ज मिळत होते. नव्वद आणि पन्नास मिळून बरोबर एक लाख चाळीस. मालकाची मागणी आणि घरातली पुंजी तंतोतंत जुळली, हाच भाच्याला शुभशकुन वाटला. आम्हाला मात्र तेथेच पहिली पाल चुकचुकली. कारण घरातली सगळी पुंजी गाडी हातात येण्यापूर्वीच संपत होती.

वाचकहो, असा फोटो घेऊन येणारा भाचा, भाऊ किंवा मुलगा आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. म्हणून त्या गाडीचे पुढे काय झाले ते सविस्तर लिहितो आहोत.

आपल्या भंडारा जिल्ह्याला ट्रकचे वेड नवे नाही. हावडा-मुंबईचा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, ज्याला आता ५३ म्हणतात, तो आपल्या दारातून जातो. त्याच रस्त्यावर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. देशभर धावणाऱ्या ट्रकांचे गिअरबॉक्स तेथे तयार होतात. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी, गावोगाव राईस मिली, नदीकाठाने वीटभट्ट्या, आणि वैनगंगेची रेती. या साऱ्याला गाडी लागते. त्यातही ४०७ म्हणजे गरिबाचा ट्रक. टेल्कोने ही गाडी १९८६ साली बाजारात आणली. तेव्हा जपानी कंपन्यांशी हात मिळवून तीन-चार छोट्या ट्रकांचे कारखाने देशात निघाले होते, त्यांना तोंड देण्यासाठी. ते जपानी भागीदारीचे बहुतेक ट्रक विस्मरणात गेले, ४०७ टिकली. तिच्या जुन्या इंजिनाला ४९७ म्हणतात. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून ४९७. खेड्यातल्या मिस्त्रीलाही ते उघडता येते आणि सुटे भाग कोठेही मिळतात. भाच्याची निवड चुकीची नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे.

पण गाडीची जात चांगली असली म्हणजे समोर उभी असलेली गाडी चांगली असे होत नाही. ती आयुष्यभर कोणते काम करत होती, हे आधी विचारावे. राईस मिलची गाडी पोती वाहते. पोती मोजलेली, रस्ता डांबरी. वीटभट्टीच्या गाडीचा न्याय वेगळा. एक वीट साधारण तीन किलोची धरली तर हजार विटांचे तीन टन होतात, आणि ४०७ ची ताकद अडीच टनांच्या आसपास. तरीही "हजाराची खेप" हा शब्द सगळीकडे रूढ आहे! म्हणजे अशी गाडी रोज आपल्या ताकदीपेक्षा जास्त उचलत आलेली असते. तिचा हिशेब पाट्यांत आणि चेसिसमध्ये लिहिलेला असतो, मालकाच्या बोलण्यात नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड झाला आहे. जुन्या मालकाच्या काळातला असा चलान गाडीच्या नंबरावर बसलेला असू शकतो.

रेतीची गाडी असेल तर आणखी एक चौकशी. अवैध रेती वाहताना पकडलेले वाहन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली जप्त करता येते. आपल्या तहसील कार्यालयांच्या आवारात अशा गाड्या उन्हापावसात सडताना आपण पाहतोच. काही हमीपत्रावर सुटतात, दंड मात्र बाकी राहतो. म्हणून रेतीची शंका आली तर तहसीलमध्ये त्या नंबराची चौकशी केल्याशिवाय पुढे बोलूच नये.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण या बाबतीत आम्ही इतके कागदवेडे का झालो ते त्याशिवाय कळणार नाही. आमच्या वडिलांनी १९९३ साली कर्ज काढून एक मेटाडोर घेतली होती. १९९९ साली विकली. वीस रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून दिले, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, पैसे मोजून घेतले, घेणाऱ्याने नारळ फोडला. नाव बदलून घेण्याचे त्याने कबूल केले आणि विसरला. वडिलांनीही पाठपुरावा केला नाही. २००३ साली, आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. त्या मेटाडोरने एका सायकलवाल्याचा पाय मोडला होता. गाडीचा विमा संपलेला होता, आणि सरकारी दप्तरात मालक म्हणून अजून आमच्या वडिलांचेच नाव होते. पुढे तडजोड झाली. त्यासाठी घरची अर्धा एकर धानाची बांधी विकावी लागली. वडील शेवटपर्यंत म्हणत, "मी तर गाडी विकली होती." कायद्याला ते ठाऊक नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले की, नोंदणीच्या दप्तरात ज्याचे नाव तोच मालक. गाडी मधल्या काळात किती हातांत फिरली याच्याशी अपघातग्रस्ताला कर्तव्य नाही.

तेव्हा आम्ही भाच्याला पहिले वाक्य सांगितले ते हे : "गाडी पाहायला नंतर जाऊ. आधी नंबर दे."

आता ही सोय झाली आहे की गाडीचा नंबर टाकला की मोबाईलवरच वाहन खात्याच्या दप्तरातली बरीच माहिती दिसते. नोंदणी कधीची, फिटनेस कधी संपले, विमा आहे की नाही, गाडीवर कर्जाचा बोजा आहे की काय, चलान किती. आम्ही त्याच रात्री पाहिले. गाडी २०१० सालची, एमएच-३६, म्हणजे आपल्याच जिल्ह्याची. ही एक गोष्ट बरी. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८ लागतो, आणि तो आणता आणता माणूस म्हातारा होतो. येथे ती अडचण नव्हती. पण फिटनेस संपून सहा वर्षे झाली होती. शेवटची तीन वर्षे ती फिटनेसशिवायच धावली, असा त्याचा अर्थ. विमा नाही. परमिट संपलेले. चार चलान बाकी. आणि एका फायनान्स कंपनीचा बोजा अजून चढलेलाच.

भाचा म्हणाला, "मालक सांगते का हप्ते सारे भरले."

भरले असतील. पण हप्ते भरणे वेगळे आणि बोजा उतरवणे वेगळे. कंपनीचे पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दाखल झाल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा असेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पुष्कळ लोक शेवटचा हप्ता भरून पेढे वाटतात आणि हा फॉर्म आणायचा विसरतात. मग दहा वर्षांनी कंपनीची शाखा कोठे हलली याचा शोध सुरू होतो.

फिटनेसचेही नीट समजून घ्यावे, कारण आपले ड्रायव्हर बंधू त्याला केवळ एक शिक्का समजतात. मालवाहू गाडीला फिटनेस नसेल तर कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे ती गाडी नोंदलेलीच मानली जात नाही. आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी करावे लागते. आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीचे फिटनेस शुल्क २०२१ पासून केंद्र सरकारने अनेक पटींनी वाढवत नेले आहे. जुनी गाडी रस्त्यावरून जावी, असाच त्यामागचा हेतू आहे. आकडे बदलत राहतात, म्हणून कोणाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये. उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन त्या दिवसाचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. आम्ही तसेच केले. मुदत संपल्यानंतरच्या दर दिवसाचा जो दंड आहे, त्यावरून २०२४ साली राज्यात बरीच ओरड झाली होती. तो आपल्या गाडीला किती लागेल हेही तेथेच विचारून घेतले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरपाटी बसवावी लागते, तीही या गाडीला नव्हती.

आणखी एक गाठ पुढे निघाली. दप्तरात ज्याचे नाव मालक म्हणून होते ते गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले होते. म्हणूनच गाडी उभी होती. विकणारा त्यांचा मुलगा. म्हणजे तोही कायद्याने अजून मालक नव्हताच. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करायची, मग फॉर्म २९ आणि ३० भरून आपल्या नावे. आणि वारस म्हणजे एकटा मुलगा नव्हे. त्याला दोन विवाहित बहिणी आहेत. बापाच्या ट्रकमध्ये त्यांचाही वाटा आहे. मुलगा म्हणाला, "बहिनींचे काय विचारायचे, त्या काही म्हनत नाही." आम्ही म्हटले, "म्हणत नसतील, पण सही लागेल." मुलींना बापाच्या मिळकतीत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, हे ज्या घरात माहीत आहे त्या घराने बहिणींच्या सहीशिवाय कोणाचा ट्रक घेऊ नये असे आम्हाला वाटले. कायद्याचे कारण तर आहेच.

एवढे झाल्यावर पुढच्या रविवारी गाडी पाहायला गेलो. सोबत नागपूर नाक्याकडे चाळीस वर्षे गॅरेजमध्ये काम केलेले एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांना आम्ही पाचशे रुपये आणि जेवण कबूल केले होते. या पाचशे रुपयांसारखा खर्च दुसरा नाही. मिस्त्री मालकाच्या ओळखीचा नसावा, एवढे मात्र पाहावे.

भाच्याने गेल्याबरोबर बॉनेट उघडायला हात घातला. मिस्त्री ओरडले, "ते ठेव रे बाबू! इंजिन कोठं पळून जात नाही." आणि ते गाडीखाली शिरले. हातात लहान हातोडी आणि टॉर्च. चेसिसच्या दोन्ही पट्ट्या त्यांनी टोकापासून टोकापर्यंत ठोकत नेल्या. धड लोखंड खणखणते, गंजून पोकळ झालेले बद्द वाजते. पाटे जेथे चेसिसला अडकतात तेथे त्यांनी बोट फिरवून पाहिले, कारण भेग पडते ती तेथे. वेल्डिंगचे टाके आहेत का, वरून पट्टी मारून रंग फासला आहे का, तेही पाहिले. मागच्या उजव्या बाजूला एक जुनी पट्टी सापडली. मिस्त्री म्हणाले, "हे चालंल. काम बरोबर केलं हाये. पन मालकाले दाखवून भाव कमी कर." नंतर चेसिसवर ठोकलेला नंबर घासून स्वच्छ केला आणि आम्ही तो आरसी बुकाशी एकेक अक्षर लावून पाहिला. जुळला. जुळला नसता तर तेथूनच परत फिरलो असतो. तो नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

केबिनला त्यांनी खिशातले लोहचुंबक लावून पाहिले. दाराच्या खालच्या अंगाला ते चिकटेना. म्हणजे पत्रा गेलेला आणि लांबी भरून रंग दिलेला. त्याचे त्यांना फारसे वाटले नाही. टायर मात्र त्यांनी नखाने खरवडून दाखवले. नक्षी पुष्कळ शिल्लक होती आणि भाचा त्यावर खूष होता, पण रबराला कडेने केसासारख्या भेगा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. एकावर ३४१६ होते, म्हणजे २०१६ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला. उन्हात उभ्या उभ्या म्हातारा झालेला टायर भरल्या गाडीखाली फुटतो. सहाही टायर बाद.

उभ्या गाडीचे दुखणे चालत्या गाडीपेक्षा वेगळे असते, हे मिस्त्रींनी आम्हाला त्या दिवशी शिकवले. चालत्या गाडीचे भाग झिजतात, उभीचे चिकटतात. ब्रेकचे सिलिंडर गंजून जाम होतात. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. डिझेलच्या टाकीत पाणी धरते, तळाशी गाळ आणि गंज बसतो. अशा टाकीवर घाईने इंजिन सुरू केले की तो सगळा कचरा पंपात आणि नोझलमध्ये जातो. उंदीर वायरिंग खातात. रबरी पाइप दिसायला धड, दाबले की तडकतात. म्हणून मालकाने "बॅटरी आणतो, आता सुरू करून दाखवतो" म्हटले तेव्हा मिस्त्रींनी हात जोडून नको म्हटले. आधी ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल काळे होते, पण दुधाळ नव्हते. दुधाळ असते तर पाणी इंजिनात उतरले असे समजायचे. रेडिएटरचे झाकण काढून तेलाचा तवंग आहे का पाहिले. मग पुलीवर पाना लावून इंजिन हाताने फिरवले. दोन वेळा अडले, तिसऱ्यांदा फिरले. भाच्याचा चेहरा उजळला.

मग टाकीतले डिझेल काढून टाकले, फिल्टर बदलला, डब्यातून स्वच्छ डिझेल दिले आणि उसनी बॅटरी लावली. बऱ्याच खटपटीनंतर गाडी सुरू झाली. आधी पांढरा धूर, तो पाच मिनिटांत निवळला. पुढे निळसर झाक राहिली, म्हणजे थोडे ऑइल जळते. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण काढले तर वाफ येत होती, पण धक्के देत नव्हती. मिस्त्री म्हणाले, "इंजिन दोन साल ओढंल. मंग बोअर कराव लागंल." पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले, किंगपिन सैल निघाली. गाडी पुढे घेता आली नाही, ब्रेक धरून बसलेले होते.

भाचा म्हणाला, "मामाजी, चालवत नेऊ ना, ब्रेक मोकळे करून." आम्ही स्पष्ट नाही म्हटले. विमा नसलेली गाडी रस्त्यावर एक किलोमीटर नेणे म्हणजे पुन्हा अर्ध्या एकराची बांधी विकायला काढणे. न्यायचीच झाली तर टोचन लावून, तीही सौदा झाल्यावर.

घरी येऊन हिशेब मांडला. कारकुनी पेशाचा एवढा तरी उपयोग. मिस्त्रींनी तोंडी सांगितलेले आणि आम्ही भंडाऱ्याच्या दुकानांतून विचारून आणलेले आकडे असे : सहा टायर सत्तावन्न हजार, बॅटरी सात, ब्रेक आणि किंगपिन बारा, पंप-नोझल वीस, क्लच नऊ, रेडिएटर व पाइप सहा, वायरिंग आठ, डाला व फालके पंचवीस. एकूण एक लाख चव्वेचाळीस हजार. कागदपत्रांत नुसता तिसऱ्या पक्षाचा विमाच, साडेसात टनांखालच्या मालगाडीला, २०२२ सालच्या दराने सोळा हजारांच्या वर जातो, वर कर. तो अठरा धरला. फिटनेस, थकलेला कर, परमिट, चलान, नंबरपाटी, नाव बदलणे हे सारे मिळून सदतीस. म्हणजे कागदाचे पंचावन्न हजार. आणि मिस्त्रींचा एक नियम आम्हाला फार पटला. ते म्हणतात, उघडल्यावर जे निघते ते उघडण्यापूर्वी दिसत नाही, म्हणून दुरुस्तीच्या रकमेवर पाव हिस्सा आणखी धर. ते छत्तीस हजार. सगळे मिळून दोन लाख पस्तीस हजार. त्यात मालकाचे एक लाख चाळीस मिळवले की तीन लाख पंच्याहत्तर हजार होतात.

त्याच आठवड्यात नागपूरला कागदपत्रे चालू असलेली, धावती, चार वर्षांनी नवी ४०७ साडेतीन लाखांना विकायला होती.

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पन मामाजी, साडेतीन लाख आपल्याजवळ नाही ना. हे तर थोडं थोडं करून होईल." स्वस्त गाडीची सगळी भूल या वाक्यात आहे. थोडे थोडे करून होते ते खरे, पण होईपर्यंत गाडी उभी असते आणि गटाचा हप्ता उभा राहत नाही.

मग कमाईचा हिशेब घेतला. भाचा म्हणत होता रोजचे दोन हजार सुटतील, महिन्याचे साठ हजार. आम्ही विचारले, सध्याच्या मालकाची गाडी महिन्यात किती दिवस खरोखर भरून जाते? त्याने बोटे मोजली. धान निघते तेव्हा आणि भट्टीच्या दिवसांत पंचवीस दिवस, पावसाळ्यात सात-आठ. वर्षाची सरासरी सोळा पडली. शंभर किलोमीटरच्या खेपेला भाडे तीन हजार, डिझेल अकराशे, ऑइल-पंक्चर-हमाल-चहा चारशे. राहिले पंधराशे. सोळा दिवसांचे चोवीस हजार. त्यातून त्याचा स्वतःचा पगार चौदा हजार वजा करायला सांगितला तेव्हा तो रागावला. "माह्या गाडीवर मी कायले पगार घेऊ?" अरे बाबा, आज ते चौदा हजार घरात येतात, त्यावर मुलांची शाळा चालते. ते सोडून तू येथे येणार, म्हणजे ते या गाडीनेच दिले पाहिजेत. राहिले दहा. पुढच्या वर्षाचा विमा, फिटनेस, टायर यांसाठी महिना सहा हजार बाजूला ठेवावेच लागतात. राहिले चार हजार. गटाचा हप्ता साडेचार हजार!

याचा अर्थ ट्रकचा धंदा वाईट असा नाही. वाईट भावाला घेतलेला ट्रक वाईट. साडेतीन लाखांच्या धावत्या गाडीतून आमचे दोन लाख पस्तीस वजा केले तर एक लाख पंधरा हजार ही बरोबरीची किंमत होते. बरोबरीला जोखीम कोणी घेत नसते. शिवाय दुरुस्तीचा दीड-दोन महिना कमाईविना जाणार. दुसऱ्या बाजूने, गाडी भंगारात घातली तर दोन-सव्वादोन टन लोखंड, किलोला पंचवीस रुपये धरले तरी मालकाला पन्नास-पंचावन्न हजार मिळतात. त्याखाली तो येणार नाही, आणि यावा असे म्हणणेही बरे नव्हे. म्हणून आम्ही ऐंशी हजार हा आकडा काढला. अट अशी की वारसांच्या सह्या, बोजा उतरवणे आणि चलान त्याने त्याच्या पैशाने करावे. उरलेले पैसे दुरुस्तीला लावावेत आणि गटाचे कर्ज अर्धेच घ्यावे. टायर आधी दोन नवे, चार चांगले रिसोल. या अटींवर मांडलेला हिशेब बसत होता. जेमतेम, पण बसत होता.

पंधरा वर्षांच्या गाडीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, हे येथे सांगून ठेवतो. लहान नवीन गाडीचा विचार असेल तर १९७८ पासून चालत आलेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात योजना विचारावी. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गाडीचे कोटेशन तयार ठेवावे. भाच्यालाही ते सुचवले आहे. लायसन्सचा एक प्रश्न तरुण विचारतात, त्याचे उत्तर आता सोपे झाले आहे. साडेसात हजार किलोंपर्यंत एकूण वजनाची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ६ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. ४०७ त्यात बसते. परमिट मात्र लागते, कारण एकूण वजन तीन हजार किलोंच्या वर आहे.

रात्री ताईच्या घरी सगळे बसलो. भाचा, सूनबाई, आम्ही, आणि कोपऱ्यात ताई. आम्ही कागद वाचून दाखवला. भाचा म्हणाला की ऐंशीला मालक देणार नाही, दुसरा कोणी एक लाख चाळीस देऊन घेऊन जाईल. सूनबाई प्रथम काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की गटात त्यांच्या नावावर हमी देणाऱ्या दहा बाया आहेत. हप्ता चुकला तर त्या दहा घरांना तोंड कसे दाखवायचे? ताई एवढा वेळ सुपात काहीतरी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "गाडी ज्या दिवशी बिघडंल, त्या दिवशी मी परत बिड्या वळू का?" भाच्याने त्याला उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच मालकाकडे गेला आणि ऐंशी हजारांचे आणि अटींचे सांगून आला. मालक चिडला. आठ दिवस फोन उचलला नाही. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन गेल्याचे कळले तेव्हा भाचा दोन दिवस जेवला नाही, असे सूनबाई सांगतात. ते गिऱ्हाईक बोजा पाहून परत गेले. दिवाळीनंतर मालकाचाच फोन आला, पंच्याऐंशीला तयार आहे, पण पाच हजार टोकन आजच द्या. टोकन दिले नाही. फॉर्म ३५ हातात पडल्यावर देऊ म्हणून सांगितले.

तो फॉर्म आता आला आहे. मुलगा त्यासाठी नागपूरला तीन वेळा जाऊन आला. थोरल्या बहिणीने सही केली. धाकटी छत्तीसगडमध्ये राहते, ती माहेरी आली की सही होईल. भाचा दुसऱ्याची गाडी चालवतोच आहे. महिन्यातून एकदा तो त्या मिलमध्ये जातो, बॅटरी लावून पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवतो आणि चाकांजवळचे गवत काढून येतो. ताईचे नव्वद हजार अजून पोस्टात आहेत.